सात नावे एका ठिकाणी: बॉम्बर विमानातील मृतांचे स्मरण

बॉम्बर विमानातला मृत्यू सहसा एकट्याचा नसतो. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लँकेस्टर विमानात सात जण असत: वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, नेव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, वायरलेस ऑपरेटर, विमानाच्या पाठीवरच्या काचेच्या घुमटात बसणारा गनर आणि अगदी शेपटाशी, बाकीच्यांपासून तुटून बसणारा दुसरा गनर. सातांपैकी एकाची चूक सहांना भोवे. नेव्हिगेटरचे गणित चुकले तर विमान भलत्याच शहरावर किंवा समुद्रावर जाई. शेपटातल्या गनरला डुलकी लागली तर मागून येणारे शत्रूचे लढाऊ विमान कोणालाच दिसत नसे. विमान पेटले की अंधारात, जाड कपडे आणि हार्नेस अंगावर असताना, अरुंद दारातून बाहेर पडायला काही सेकंद मिळत. बहुतेकांना तेवढेही मिळाले नाहीत. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये सुमारे सव्वा लाख हवाई सैनिकांनी उड्डाणे केली, त्यांपैकी ५५,५७३ परत आले नाहीत. त्या युद्धात ब्रिटिश फौजांच्या फार थोड्या शाखांना इतकी मोठी किंमत द्यावी लागली.

अशा माणसाचे स्मरण कसे करावे, हा प्रश्न पायदळातल्या शिपायाच्या स्मरणापेक्षा वेगळा आहे. शिपायाची पलटण मोठी असते, तिची परंपरा असते, तिचे स्वतःचे स्मारक असते. बॉम्बरच्या चमूला यातले काहीच नसे. ही माणसे प्रशिक्षणानंतर एकमेकांना भेटत, काही महिने एकत्र उडत आणि पुष्कळदा एकाच रात्री संपत. त्यांची पलटण म्हणजे तीच सात माणसे. म्हणून त्यांतल्या एकाचे नाव बाकीच्या सहांपासून तोडून कोरले, तर त्याच्या मृत्यूतला महत्त्वाचा भाग दगडावर येतच नाही. जगातली बहुतेक मोठी युद्धस्मारके मात्र नेमके तेच करतात.

लंडनजवळचे रनीमीड येथील स्मारक हे त्याचे ठळक उदाहरण. ज्यांची कबर सापडली नाही अशा वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावे तिथे आहेत. ऑक्टोबर १९५३ मध्ये ते खुले झाले. थेम्सकाठच्या टेकडीवरची ही वास्तू देखणी आहे आणि नावे काळजीपूर्वक कोरलेली आहेत. पण ती लावली आहेत वर्षानुसार, मग हवाई दलानुसार, मग हुद्द्यानुसार. एका विमानात एकत्र बुडालेल्या सातांपैकी फ्लाइट लेफ्टनंट एका फलकावर, सार्जंट दुसऱ्यावर आणि कॅनडाच्या हवाई दलातला गनर तिसऱ्याच भिंतीवर सापडतो. समुद्रात एकत्र गेलेली माणसे दगडावर पांगली आहेत. कार्यालयीन सोयीने स्मरणावर केलेली ही कुरघोडी आहे आणि ती टाळता आली असती.

टाळता येते, याचा पुरावा हे स्मारक उभारणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्याच दुसऱ्या कामात आहे. हा आयोग १९१७ मध्ये स्थापन झाला. त्याच्या कबरीवरचा दगड सगळीकडे सारखा, साधारण ८१ सेंटिमीटर उंच, माथा किंचित वळलेला. हुद्दा मोठा म्हणून दगड मोठा नाही. जर्मनीतल्या राईशवाल्ड किंवा बर्लिनच्या समाधिस्थळांत या दगडांच्या रांगा एकसारख्या अंतराने लावलेल्या दिसतात. मधूनच चार, पाच किंवा सात दगड एकमेकांना अगदी खेटून उभे असतात, मध्ये बोट शिरायलाही जागा नसते. हे दगड एकेका विमानातल्या चमूचे आहेत. अवशेष वेगळे ओळखता आले नाहीत, म्हणून पुरले एकत्र आणि नावे शेजारी शेजारी. प्रत्येकाचे नाव स्वतंत्र आहे, प्रत्येकाचा दगड स्वतंत्र आहे, तरी चमू फुटलेला नाही. दगडावर एकही जादा शब्द न लिहिता, फक्त दोन दगडांमधले अंतर मिटवून हे साधले आहे. बॉम्बरमधल्या माणसाच्या स्मारकाचा याहून चांगला नमुना सापडणे कठीण.

भारतीय, आणि त्यांतही मराठी, हवाई सैनिकांचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे, कारण त्यांची नावे मुळात कुठे आहेत हेच पुष्कळांना माहीत नसते. पहिल्या महायुद्धात मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर ब्रिटिश हवाई दलात लढाऊ विमान चालवत होते. जून १९१८ मध्ये फ्रान्समध्ये त्यांचे विमान पडले, जखमी अवस्थेत ते जर्मनांच्या हाती सापडले आणि मरण पावले. आज त्यांची कबर हांगार नावाच्या फ्रेंच खेड्यातल्या समाधिस्थळात आहे. हाती दप्तर असलेल्या राज्ययंत्रणेचे लक्ष आणि कुटुंबाचा पाठपुरावा, दोन्ही असले तर एका मुंबईकराची कबर फ्रान्समध्येही शंभर वर्षे टिकते. ज्यांच्या घरी पत्रव्यवहार करू शकणारे कोणी नव्हते, त्यांच्या वाट्याला हे आले नाही. आयोगानेच नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये मान्य केले की पहिल्या महायुद्धात मेलेल्या किमान १,१६,००० आफ्रिकी, आशियाई आणि मध्यपूर्वेतल्या सैनिकांचे नावानिशी स्मरण झालेच नाही, आणि ही संख्या साडेतीन लाखांपर्यंतही असू शकते. सर्वांना समान वागणूक हे आयोगाचे तत्त्व होते. ते युरोपात पाळले गेले आणि बसऱ्यात गुंडाळून ठेवले गेले. बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे होती, शिपायांचे मात्र नुसते आकडे.

दुसऱ्या महायुद्धात भारतीय हवाई दलाकडे लँकेस्टरसारखी जड बॉम्बर विमाने नव्हती, पण बॉम्बर चमू मात्र होते. ७ आणि ८ क्रमांकांची स्क्वाड्रन १ डिसेंबर १९४२ रोजी उभी राहिली आणि त्यांना व्हेंजन्स हे अमेरिकी बनावटीचे सूर मारून बॉम्ब टाकणारे विमान मिळाले. या विमानात दोघे असत: पुढे वैमानिक, मागे गनर. बारा हजार फुटांच्या आसपासून विमान जवळजवळ उभे खाली झेपावे, बॉम्ब सुटे आणि मग ते पुन्हा वर उचलले जाई. मागे बसलेला गनर या सगळ्या वेळात उलट्या दिशेला तोंड करून असे. समोरची जमीन त्याला दिसत नसे, दिसे ते मागे सुटणारे आकाश. १९४४ मध्ये आराकान आणि इंफाळच्या लढायांत ही स्क्वाड्रन लढली. ब्रिटिशांच्या हवाई दलात गेलेलेही काही होते. मुंबईचे शैलेंद्र एकनाथ सुकथनकर लँकेस्टरवर नेव्हिगेटर होते आणि ज्या आर ५८६८ या विमानातून त्यांनी उड्डाणे केली ते आजही लंडनच्या हवाई दल संग्रहालयात उभे आहे. सुकथनकर जगले. त्यांच्या विमानाला मिळालेली जपणूक पाहिली की न जगलेल्यांच्या वाट्याला काय आले हे अधिकच खुपते.

ब्रह्मदेशात आणि त्यापलीकडे बेपत्ता झालेल्या हवाई सैनिकांची नावे सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर आहेत. ज्या हिंदू सैनिकांचे दहन झाले त्यांची नावे इंफाळ आणि रंगूनजवळच्या ताउक्क्यान येथील दहन-स्मारकांवर आहेत. पुण्यात खडकीच्या युद्ध समाधिस्थळात दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेहून अधिक कबरी आहेत आणि पहिल्या महायुद्धात भारतात मेलेल्यांचे स्मारकही तिथेच आहे. दिल्लीतले राष्ट्रीय युद्ध स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्राला अर्पण झाले. तिथल्या त्यागचक्राच्या ग्रॅनाइटवर पंचवीस हजारांहून अधिक नावे सोनेरी अक्षरांत आहेत. पण ती स्वातंत्र्यानंतरच्या लढायांतली आहेत. म्हणजे १९४४ मध्ये आराकानवर पडलेल्या भारतीय गनरचे नाव सिंगापुरात आहे, दिल्लीत नाही आणि त्याच्या गावात तर बहुधा नाहीच. त्याने कोणाच्या झेंड्याखाली लढाई केली यावरून ही विभागणी झाली. तिला प्रशासकीय कारण आहे. नैतिक कारण मात्र दाखवता येत नाही.

हा मुद्दा सातारा आणि सांगली या भागात जितका टोचतो तितका महाराष्ट्रात इतरत्र क्वचितच टोचेल. १९४९ पर्यंत हे दोन जिल्हे मिळून एकच सातारा जिल्हा होता. दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. या भागाने फौजेला पिढ्यान्‌पिढ्या माणसे दिली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर ‘मिलिटरी’ हे टोपणनावच चिकटले आहे. याच भागाने १९४२ नंतर ब्रिटिश राजवट मोडून काढणारे नाना पाटलांचे प्रतिसरकारही उभे केले. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सोबती सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. त्या पळापळीत अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हुतात्मा झाले. त्याच रात्री युरोपात बॉम्बर कमांडची विमाने हॅम्बर्गवर निघाली होती आणि पुढच्या आठवडाभरात त्या शहरात सदतीस हजारांच्या आसपास माणसे मेली. इतिहासाने दोन्ही घटना एका तारखेला आणून ठेवल्या आहेत. सांगलीतल्या एखाद्या घराचा एक मुलगा प्रतिसरकारात आणि दुसरा सरकारी फौजेत असणे ही त्या काळात अघटित गोष्ट नव्हती. कोरडवाहू तालुक्यांत पावसाने दगा दिला की फौजेचा पगार हाच घरात येणारा रोख पैसा असे.

महाराष्ट्र शासनाने १९८० च्या दशकात जागोजागी हुतात्मा स्मारके उभारली आणि ते योग्यच झाले. पण त्यानंतर असा समज रुळला की स्वातंत्र्यलढ्याचे स्मरण आणि महायुद्धातल्या सैनिकांचे स्मरण हे परस्परविरोधी आहे; एक केले तर दुसऱ्याला आपोआप नाकारले जाते. हा समज चुकीचा आहे. हुतात्मा स्मारक सांगते की हा माणूस कशासाठी मेला. महायुद्धातल्या शिपायाच्या नावाचा दगड एवढेच सांगतो की तो मेला, या गावचा होता, आणि त्याच्या मरणाची नोंद गावाने ठेवली. दुसरा दगड पहिल्याशी कोणताही वाद घालत नाही. ब्रिटिश साम्राज्य न्याय्य होते की नाही, या प्रश्नाचे उत्तर आराकानवर पडलेल्या वीस-बावीस वर्षांच्या गनरच्या नावावर लादणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

सांगलीच्या विश्रामबागेचा या विषयाशी असलेला संबंध थोडा आडवळणाचा पण ठोस आहे. सांगली आणि मिरजेच्या मध्ये वसलेला हा भाग शिक्षणसंस्थांनी वाढवला. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ मध्ये विलिंग्डन महाविद्यालय काढले. १९४७ मध्ये येथे न्यू इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झाले आणि १९५५ मध्ये त्याला वालचंद हिराचंद यांचे नाव मिळाले. या वालचंदांनीच डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी केली होती. युद्ध संपल्यावर अमेरिकी बनावटीची लिबरेटर बॉम्बर विमाने कानपूरला भंगारात पडून होती. मुद्दाम निकामी करून सोडलेली ही विमाने बंगळुरूच्या कारखान्याने एक एक करून उडण्याजोगी केली आणि १९४८ मध्ये त्यांच्यावर हवाई दलाचे ५ क्रमांकाचे स्क्वाड्रन उभे राहिले. स्वतंत्र भारताचे हे पहिले जड बॉम्बर दल. विश्रामबागेतल्या महाविद्यालयाच्या फाटकावर ज्याचे नाव आहे, त्याने काढलेल्या कारखान्यातून या दलाची विमाने निघाली, ही गोष्ट तिथे शिकणाऱ्या मुलांना सांगितली गेली पाहिजे. त्या विमानांत पुढे बसणाऱ्या माणसांची गोष्ट तिच्याच पुढचा भाग आहे.

लिबरेटरनंतर १९५७ पासून कॅनबेरा आले. इंग्लंडमध्ये तयार झालेले हे दोन इंजिनांचे जेट बॉम्बर भारताने पन्नास वर्षे वापरले. ११ मे २००७ रोजी आग्ऱ्यात त्याचा निरोप झाला. महाराष्ट्राशी या विमानाचे नाते पुण्याच्या लोहगाव तळामुळे. १९७१ च्या युद्धात ३५ क्रमांकाचे कॅनबेरा स्क्वाड्रन तिथे होते आणि कराचीपर्यंतच्या मोहिमा त्याच्याकडे होत्या. रात्री पुण्याच्या ईशान्येला ज्यांनी या विमानांचा आवाज ऐकला, त्यांना ती कुठे चालली आहेत हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

भारताने हल्ल्यासाठी घेतलेल्या कॅनबेरात दोघे बसत. वैमानिक वर, डाव्या बाजूला सरकवलेल्या बुडबुड्यासारख्या काचेखाली. नेव्हिगेटर त्याच्या पुढे आणि खाली, विमानाच्या नाकात. तिथे त्याचे टेबल, नकाशे, घड्याळ. बॉम्ब टाकायच्या वेळी त्याला पुढे सरकून काचेच्या नाकात पालथे झोपावे लागे. रात्री उशिरा, घाईने आणि जमिनीलगत उडणाऱ्या विमानात अंधुक उजेडात पट्टी-पेन्सिलने रेषा ओढायच्या, वाऱ्याचा कोन काढायचा आणि दर काही मिनिटांनी वैमानिकाला नवी दिशा सांगायची, हे त्याचे काम. आणि या प्रकारच्या कॅनबेरात एक गोष्ट अशी होती की तिच्याविषयी बोलल्याशिवाय स्मरणाची चर्चा पुरी होत नाही: वैमानिकाला इजेक्शन सीट होती, नेव्हिगेटरला नव्हती. विमानाला आग लागली तर वैमानिक खटका ओढून काही क्षणांत बाहेर फेकला जाई. नेव्हिगेटरला पॅराशूट बांधून बाजूच्या दारापर्यंत सरपटत जावे लागे आणि तिथून उडी घ्यावी लागे. जमिनीपासून काहीशे फुटांवर असलेल्या विमानात त्याला तेवढा वेळ मिळण्याची शक्यता जवळपास नव्हती. हे दोघांनाही माहीत असे, आणि तरीही ते एकत्र उडत.

२१ सप्टेंबर १९६५ च्या पहाटे, युद्धविरामाच्या दोन दिवस आधी, सरगोध्याहून परतणारे ५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे एक कॅनबेरा पाकिस्तानच्या स्टारफायटर विमानाने पाडले. वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट लो बाहेर पडले आणि युद्धकैदी झाले. नेव्हिगेटर कपूर मारले गेले. विमानाची रचना जशी होती तसाच निकाल लागला. अशा प्रसंगी लोकांच्या आठवणीत वैमानिक राहतो, कारण तो परत येतो, बोलतो, त्याची हकिकत छापली जाते. नेव्हिगेटरची हकिकत सांगणारा कोणी उरत नाही. त्यामुळे बॉम्बर चमूच्या स्मारकावर बसण्याच्या जागेची नोंद असणे हा बारीकसारीक तपशील मानू नये. ‘नेव्हिगेटर’ एवढा एक शब्द वाचणाऱ्याला सांगतो की हा माणूस कुठे होता आणि का वाचला नाही.

पदकांच्या बाबतीतही हेच होते. कॅनबेराचे नामवंत वैमानिक पद्मनाभ गौतम यांना १९६५ आणि १९७१ अशा दोन्ही युद्धांत महावीरचक्र मिळाले. नोव्हेंबर १९७२ मध्ये पुण्याजवळ विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे शौर्य निर्विवाद आहे. पण युद्धातल्या त्या मोहिमांत ते एकटे नव्हते, खाली नाकात बसलेला माणूस त्यांना रस्ता दाखवत होता. गौतमांचे नाव घेताना त्या माणसाचे नाव घेण्याची सवय लावून घेतली, तर गौतमांच्या कर्तृत्वातले काहीही कमी होत नाही.

सगळ्यांत कठीण प्रश्न बेपत्ता माणसांचा. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानात राहिल्याची शक्यता असलेल्या भारतीय सैनिकांची यादी १९७९ मध्ये लोकसभेत ठेवली गेली. पुढे ती चोपन्न नावांची यादी म्हणून ओळखली गेली. तिच्यात कॅनबेराचे वैमानिक लॉइड मोझेस ससून आणि नेव्हिगेटर राम मेथाराम अडवाणी ही दोन नावे आहेत. त्याच यादीत विजय वसंत तांबे हे मराठी नावही आहे. तांबे बॉम्बर चमूतले नव्हते. जमिनीवरच्या लक्ष्यांवर हल्ला करणाऱ्या सुखोई-७ या एका आसनाच्या विमानाचे ते वैमानिक होते, आणि ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोट रोडच्या तळावरील हल्ल्यात त्यांचे विमान पडले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्न नवे होते. त्यानंतरची अनेक दशके त्यांनी शोधात घालवली. २००७ मध्ये नातेवाइकांच्या एका गटाला पाकिस्तानी तुरुंगांत जाऊन पाहण्याची परवानगी मिळाली, पण हाती काही लागले नाही.

अशा माणसाचे नाव मृतांच्या भिंतीवर कोरणे म्हणजे कुटुंबाच्या वतीने आशा संपल्याचे जाहीर करणे. न कोरणे म्हणजे त्याला स्मरणाच्या बाहेर ठेवणे. यावर एकच सन्माननीय उपाय दिसतो: ‘बेपत्ता’ ही स्वतंत्र नोंद, तारीख आणि ठिकाणासह. रनीमीडच्या वीस हजार नावांमागेही कबर नाही आणि त्यात कोणाचाही उपमर्द झालेला नाही. सरकारी कागदावर एखादा माणूस कायद्याने मृत ठरवला जातो तो पेन्शन आणि वारसा मार्गी लागावा म्हणून. स्मारकाने त्या कायद्याच्या मागे फरफटत जाण्याची गरज नाही.

बॉम्बरमधल्या माणसाचे स्मरण करताना आणखी एक गोष्ट लपवता येत नाही: त्याच्या विमानातून पडलेले बॉम्ब खाली कोणावर तरी पडले. बॉम्बर कमांडच्या मृतांचे स्मारक लंडनमध्ये उभे राहायला २०१२ साल उजाडले, याचे मोठे कारण हॅम्बर्ग आणि ड्रेस्डेन. ड्रेस्डेनमध्ये फेब्रुवारी १९४५ मध्ये सुमारे पंचवीस हजार माणसे मेली. ब्रिटिश समाजाला आपल्या हवाई सैनिकांचा अभिमानही होता आणि त्यांनी केलेल्या कामाचे ओझेही. शेवटी जे स्मारक झाले त्यात बॉम्बहल्ल्यांत मेलेल्या सर्व राष्ट्रांच्या लोकांचाही उल्लेख आला. तो उल्लेख नसता तर स्मारक अपुरे राहिले असते. भारतीयांनी हा प्रश्न परक्यांचा समजू नये. मार्च १९६६ मध्ये भारतीय हवाई दलाने स्वतःच्याच देशातल्या ऐझॉलवर बॉम्ब टाकले आणि मिझोराममध्ये ५ मार्च हा दिवस आजही पाळला जातो. विमानातल्या माणसाला आदेश कोणी दिला, लक्ष्य कोणी निवडले, याची जबाबदारी त्याच्या एकट्याच्या माथी मारणे अन्यायाचे. पण खाली काय झाले ते पुसून टाकून त्याला गौरवणे हेही खोटेपणाचे. दोन्ही टाळायचे तर स्मारकाने शब्द जपून वापरावेत. ‘शौर्य’, ‘बलिदान’, ‘अमर’ असे शब्द दगडावर कोरणे सोपे असते. मोहीम कोणती, लक्ष्य कोणते, तारीख कोणती, हे कोरले तर वाचणारा स्वतः विचार करू शकतो.

इथे या भागाची स्वतःची परंपरा उपयोगी पडते. सातारा-सांगलीच्या खेड्यांत जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ दिसतात. हा उभा दगड तीन-चार चौकटींत विभागलेला असतो. अगदी खालच्या चौकटीत वीर पडलेला असतो. पुष्कळदा गाईंचा कळप आणि समोरचे शत्रूही कोरलेले असतात. त्यावरच्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात, सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतो आणि माथ्यावर चंद्र-सूर्य असतात. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर नाव नसते. माणूस कोण होता ते गेले, पण तो कसा मेला, कोणाशी लढताना, कशाचे रक्षण करताना, हे सातशे-आठशे वर्षांनंतरही वाचता येते. आधुनिक स्मारकाने नेमके उलटे केले: नाव ठेवले आणि प्रसंग गाळला. बॉम्बरमधल्या माणसाला या दोन्हींची गरज आहे. खालच्या चौकटीत शत्रूलाही जागा देण्याचे धैर्य वीरगळ कोरणाऱ्या पाथरवटाकडे होते. आजच्या स्मारक-समितीकडे ते असायला हरकत नाही.

विश्रामबागेसारख्या ठिकाणी असे स्मारक करायचे ठरले, तर ते चौकात असण्याची गरज नाही. चौकातल्या पुतळ्याला वर्षातून दोनदा हार पडतो आणि बाकी दिवस त्याभोवती वाहतूक फिरते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयाची किंवा प्रयोगशाळेची भिंत अधिक चांगली. तिथे विमानाच्या नावाखाली चमूतली सगळी नावे एका ठिकाणी असावीत, मग ती मराठी असोत वा नसोत, हुद्दा कोणताही असो. नावापुढे बसण्याची जागा, तारीख, निघालेला तळ, गाठायचे लक्ष्य आणि जो बेपत्ता आहे त्याच्यापुढे तसा शब्द. भिंतीखाली कपाटात कागद: लॉगबुकाची प्रत, स्क्वाड्रनच्या मोहीम-नोंदवहीतले त्या दिवसाचे पान, घरी आलेली तार. अभियांत्रिकीच्या मुलांना वाऱ्याचा कोन काढायचे गणित शिकवताना ते पान समोर ठेवता येईल. नेव्हिगेटरने अंधारात काय काय केले असेल ते आकडे मांडल्यावरच उमगते.

नावे शोधण्याचे काम वाटते तितके अवघड नाही, पण ते जुन्या भूगोलाप्रमाणे करावे लागते. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत भारतीय सैनिकाच्या नावापुढे पुष्कळदा वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हा असतो. पण त्या काळी सांगली जिल्हा नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा इथली माणसे ‘सातारा’ या नोंदीखाली सापडतील. सांगली शहर आणि विश्रामबागेचा परिसर पटवर्धनांच्या सांगली संस्थानात होता. मिरजेची थोरली आणि धाकटी पाती वेगळी. जत हे स्वतंत्र संस्थान. आटपाडी औंध संस्थानात. ही संस्थाने १९४८ मध्ये विलीन झाली, आणि त्यांतल्या सैनिकांची नोंद कधी संस्थानाच्या नावाने, कधी कोल्हापूरच्या, तर कधी नुसत्या ‘मुंबई इलाख्या’च्या नावाने झालेली असू शकते. गावांच्या नावांचे इंग्रजी स्पेलिंग कारकुनाच्या कानावर अवलंबून असे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे निवृत्तिवेतनाच्या निमित्ताने साठलेली माहिती मुख्यतः स्वातंत्र्यानंतरची. त्याआधीच्या माणसांसाठी आयोगाची नोंदवही, गावातल्या म्हाताऱ्या माणसांची आठवण आणि घरातली पत्र्याची पेटी, ही तिन्ही समोरासमोर ठेवावी लागतात. आयोगाच्या नोंदीत चूक सापडली तर पुरावा देऊन ती दुरुस्त करून घेता येते, आणि राहून गेलेले नाव नव्याने दाखल करण्याचा अर्जही करता येतो.